मागच्या अंगणातल्या तळ्याला बॉटम ड्रेन: कोणत्या मापाचा घ्यावा, कसा बसवावा?

पाणकणीस

नमस्कार. मागच्या अंगणात माशांसाठी तळं बांधतोय. लांबी ४ मीटर, रुंदी २.५ मीटर, खोली १.२ मीटर, म्हणजे १२,००० लिटर पाणी. मासे कोई आणि गोल्डफिश. तळाला काँक्रीट आणि त्यावर १ मि.मी. जाडीचं ईपीडीएम लायनर (रबरी अस्तर). खड्डा खणून झालाय, काँक्रीट अजून ओतलेलं नाही, म्हणून आत्ताच विचारतो.

प्लंबरचं म्हणणं, ६३ मि.मी.चा ड्रेन पुरेल आणि त्याचा पाइप थेट पंपाला जोडून टाकू. वाचलं त्यात सगळीकडे ११० मि.मी. सांगितलंय. नक्की कोणता घ्यावा आणि का?

दुसरी अडचण पातळीची. अंगण सपाट आहे. सांडपाण्याचं चेंबर जवळ आहे, पण त्यातला पाइप जमिनीखाली ६० सें.मी.वर आहे आणि तळ्याचा तळ त्याच्याही खाली. मग ड्रेनमधून घाण बाहेर जाणार कशी?

तिसरं म्हणजे लायनरला मधोमध भोक पाडायचं. ते गळणार नाही अशा रीतीने कसं करतात?

ओघळ

११० मि.मी.च घ्या, आणि थेट पंपाला जोडू नका.

बॉटम ड्रेन बारा महिने घाण वाहून नेण्यासाठी असतो; तळं रिकामं करणं हा त्याचा दुय्यम उपयोग. पाइपातल्या पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.३ मीटरच्या खाली गेला की विष्ठा आणि कुजका पाला पाइपातच बसायला लागतो. ११०च्या पाइपाचा आतला व्यास १०३ मि.मी.च्या आसपास असतो. त्यातून ताशी १०,००० लिटर गेले तर वेग ०.३३ मीटर येतो, १२,०००ला ०.४. तुमच्या तळ्याचं सगळं पाणी तासा-सव्वा तासात एकदा फिल्टरमधून फिरायला हवंच, म्हणजे ताशी १०,००० ते १२,००० लिटर. माप बरोबर जुळतं. पंप निवडताना खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका, पाणी जितकं वर चढवायचं त्या उंचीला तो किती देतो ते तक्त्यात बघा. ताशी ५,०००चा पंप ११०ला लावला तर वेग निम्मा होतो आणि पाइप गाळाने भरत जातो.

आता ६३. तेवढंच पाणी त्यातून नेलं तर वेग १.१ मीटर होतो. घाण वाहील, पण वेग वाढला की घर्षण वाढतं. ६ मीटर पाइप आणि दोन बेंड धरले तर ६३मध्ये गाळटाकीतली (तळ्याला खालून जोडलेली, घाण खाली बसू देणारी टाकी) पातळी तळ्यापेक्षा ३० सें.मी.हून जास्त खाली बसेल. ११०मध्ये हा फरक २ ते ४ सें.मी. राहतो. शिवाय ६३मध्ये एखादी काडी आडवी अडकली की पाइप चोंदला, आणि तो काँक्रीटखाली.

पाण्याचा क्रम असा ठेवा: तळं, मग गाळटाकी, मग फिल्टर, शेवटी पंप, आणि पंपातून परत तळ्यात. तळं आणि गाळटाकी खालून ११०ने जोडलेली असल्यामुळे दोन्हींत पाणी एकाच पातळीला राहतं. पंपाने पुढचं पाणी उचललं की मागचं आपोआप सरकतं. म्हणून गाळटाकीचा काठ तळ्याच्या पाण्यापेक्षा १५ सें.मी. तरी उंच हवा. टाकी गोल, तळ निमुळता, ८०० ते १,००० लिटरची. पाणी तिच्यात पाच-सहा मिनिटं रेंगाळतं आणि जड घाण खाली बसते. पंप थेट ड्रेनला लावला तर त्याची पाती हीच घाण वाटून बारीक करतात. मग ती कुठल्याच फिल्टरमध्ये बसत नाही, पाणी कायम गढूळ. त्यापेक्षा मोठा धोका: परतीचा पाइप सुटला तर तो पंप तळं तळापर्यंत उपसून बाहेर ओततो आणि मासे मरतात. पंप शेवटच्या टाकीत पातळीखाली ३०-४० सें.मी.वर ठेवला तर तेवढंच पाणी जातं.

पातळीची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. घाण सोडण्यासाठी बाहेरचा पाइप तळ्याच्या तळाखाली असावाच लागत नाही, तळ्यातल्या पाण्याच्या पातळीखाली असला की झालं. गाळटाकीच्या बुडातून ११०चा पाइप काढा, तो उभा वर आणा आणि चेंबरमध्ये सोडा. पाण्याची पातळी जमिनीच्या बरोबरीने धरली तर ६० सें.मी.चा दाब मिळतो. एवढ्या दाबाला पूर्ण उघड्या ११०मधून सेकंदाला १० लिटरच्या वर पाणी सुटतं आणि गाळ त्याच्यासोबत वर चढतो. काठ ३०-४० सें.मी. उंच बांधून पाणी तिथवर ठेवलंत तर आणखी जोर येईल, आणि अंगणातलं पावसाचं पाणीही तळ्यात शिरणार नाही. मात्र चेंबरच्या पुढचा पाइपसुद्धा ११०चाच असेल तर या सोडण्याच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा, नाहीतर चेंबर उलटं भरतं. सोडणाऱ्या पाइपाचं तोंड चेंबरमधल्या प्रवाहाच्या वर मोकळं राहू द्या. सांडपाणी तुंबलं तर ते तुमच्या पाइपात चढता कामा नये.

तळं पूर्ण रिकामं करायची वेळ आली तर शेवटचं ६० सें.मी. पाणी बुडणाऱ्या पंपाने काढावं लागेल. ते काम वर्षानुवर्षं येत नाही, त्यासाठी आराखडा बदलू नका.

जोडकाम

ओघळ यांच्याशी सहमत. बसवण्याचं मी लिहितो, कारण गळतं ते बहुधा इथेच.

ड्रेनमध्ये हे भाग येतात: खालची वाटी आणि तिच्या बाजूने निघणारं ११०चं तोंड, वाटीची रुंद कड, त्यावर बसणारी दाबपट्टीची कडी, स्टेनलेसचे स्क्रू आणि वरचं घुमटासारखं झाकण. घुमट आणि तळ यांत २५ ते ४० मि.मी. फट असते. या फटीतून पाणी सगळ्या बाजूंनी आडवं ओढलं जातं. घुमट नसेल तर भोवरा तयार होतो आणि लहान मासेही आत जातात. स्क्रू साधे लोखंडी आले असतील तर लगेच बदला. माशांच्या उपचाराला मीठ टाकत असाल तर ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या.

खणताना: ४ बाय २.५ मीटरला एक ड्रेन पुरतो, मधोमध. लांबी ५ मीटरच्या पुढे गेली असती तर दोन सांगितले असते, आणि दोन असते तर दोघांचे पाइप वेगळे. टी लावून एकत्र केले की जवळचा ड्रेन सगळं पाणी ओढतो आणि लांबचा नुसता बसून राहतो. काँक्रीटचा उतार चारही बाजूंनी ड्रेनकडे, मीटरला किमान ५ सें.मी., जमलं तर ८ ते १०. भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे गोलाई द्या, काटकोनात घाण साचते.

पाइप: प्रेशरचा घ्या, सोल्व्हंट सिमेंटने चिकटवायचा. सांडपाण्याच्या पाइपांचे रबर रिंगवाले जोड तळाखाली नकोत. शक्य असेल तर तळ्याखाली एकही जोड येऊ देऊ नका, अखंड लांबी टाका. वळण लागलंच तर ९०चा एल्बो टाळा, ४५चे दोन बेंड मध्ये थोडा पाइप ठेवून लावा. पाइप सपाट असला तरी चालतं, कारण तो कायम भरलेला असतो. वाटेत उंचवटा नको: तिथे हवा अडकते आणि प्रवाह मंदावतो. जोड करताना दोन्ही पृष्ठभाग घासा, पुसा, दोन्हींना सिमेंट लावा, पाव फेरा देत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. नाहीतर पाइप हळूच मागे सरकतो.

काँक्रीटच्या आधी चाचणी. हे सोडू नका. वाटीचं तोंड प्लगने बंद करा, दुसऱ्या टोकाला तात्पुरता उभा पाइप लावा आणि त्यात तळ्याच्या पातळीपेक्षा थोडं वरपर्यंत पाणी भरा. खूण करा, २४ तास ठेवा. उभ्या पाइपात १ लिटर कमी झालं तर पातळी सुमारे १२ सें.मी. उतरते, म्हणजे थेंबभर गळतीसुद्धा लपत नाही.

चाचणीचं पाणी तसंच राहू द्या आणि मग काँक्रीट ओता. ओलं काँक्रीट रिकाम्या ११०च्या पाइपाला मीटरमागे २० किलोहून जास्त जोराने वर ढकलतं. पाणी भरलेलं असलं तरी १२-१४ किलो उरतातच, म्हणून दर अर्ध्या मीटरवर सळईची यू आकाराची पिन मारून पाइप खाली बांधा. पाइपाभोवती सगळीकडून १० सें.मी. काँक्रीट हवं. वाटीच्या तोंडावर टेप आणि फळी ठेवा. स्क्रूच्या भोकांत सिमेंटचं पाणी गेलं तर ती पुन्हा कोरावी लागतात, आणि तसं कोरताना आटे जातात. वाटीची कड काँक्रीटच्या तयार पातळीपेक्षा २-३ मि.मी. खाली बसवा. वर राहिली तर तिच्याभोवती घाणीचं कडं होतं. फार खाली गेली तर पाण्याच्या वजनाने लायनर तिथे ताणलं जातं.

आता लायनर. त्याच्या खालचं फेल्ट (जाड कापडी थर) कडीच्या बाहेर गोल कापून घ्या. वाटीची कड आणि लायनर यांच्यामध्ये फेल्टचा धागाही जाता कामा नये, त्यातून पाणी वातीसारखं चढतं. गळणाऱ्या ड्रेनमध्ये हे कारण फार वेळा सापडतं, दुसरं कारण कडीखाली आलेली घडी. लायनर सैल पसरा, मधल्या भागात एकही सुरकुती नको. कड आणि लायनरची दोन्ही अंगं कोरडी आणि स्वच्छ करा. पेट्रोल, डिझेल, तेल ईपीडीएमला लावायचं नाही, ते फुगतं.

सीलंट माशांना चालणारा एमएस पॉलिमर किंवा न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. वाटीच्या कडेवर ५-६ मि.मी. जाडीच्या दोन अखंड रेघा ओढा, एक स्क्रूंच्या आतून, एक बाहेरून. लायनर खाली दाबा. बोटाने भोकं चाचपा, आरीने फक्त स्क्रूपुरती टोचा. वर पुन्हा सीलंट, त्यावर कडी. सगळे स्क्रू आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे जोडीने थोडे थोडे आवळा. ड्रिल मशीनने आवळू नका: प्लास्टिक चिरतं, किंवा दोन स्क्रूंच्या मधली कडी उचलली जाते.

मधलं भोक सगळ्यात शेवटी. कडी आवळून झाल्यावर, सीलंटला त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ देऊन, मग कडीच्या आतल्या कडेने धारदार पातीने लायनर कापा. आधी कापलं तर लायनर सरकतं आणि भोक मधून हलतं. मग सगळं लायनरच गेलं.

पाणकणीस

दोघांचेही मनापासून आभार. प्लंबरला हे दाखवतो. आणखी दोन शंका: व्हॉल्व्ह कोणता आणि कुठे? आणि घुमटावर हवेची चकती असलेले ड्रेन मिळतात, ते घ्यावेत का?

पाणलोट

व्हॉल्व्ह दोन लागतील. एक तळं आणि गाळटाकी यांच्यामध्ये, दुसरा गाळटाकीच्या सोडण्याच्या पाइपावर. ११०ला स्लाइड व्हॉल्व्ह (दांड्याने पातं सरकवून बंद होणारा) वापरतात. दांडा वर किंवा आडवा राहील असा बसवा. खाली तोंड करून लावला तर खोबणीत वाळू साचते आणि पातं पूर्ण बंद होत नाही. त्याचे रबर सील झिजतातच. म्हणून मातीत गाडू नका, ४५ बाय ४५ सें.मी.चा उघडता येणारा खड्डा ठेवा आणि दोन्ही बाजूंना रबरी कपलर लावा, म्हणजे पाइप न कापता बदलता येतो.

माझ्या मते आतल्या व्हॉल्व्हची गरजच नाही. गाळटाकीत जिथे ड्रेनचा पाइप येतो तिथे वर तोंड करून सॉकेट ठेवा. त्यात पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असा ११०चा तुकडा नुसता खोचला की लाइन बंद, उपसला की चालू. हलणारं काही नाही, झिजणारं काही नाही. सोडण्याच्या पाइपाला मात्र व्हॉल्व्हच हवा.

साफ करताना ड्रेनची लाइन आधी बंद करा, गाळटाकी सोडून द्या, मग खोचलेला तुकडा झटक्यात उपसा. रिकाम्या टाकीकडे तळ्याचं पाणी जोरात धावतं आणि पाइपात बसलेली घाण सुटून येते. आठवड्यातून एक-दोनदा. व्हॉल्व्ह उघडा असताना तिथून हलायचं नाही. पूर्ण उघड्या ११०ने तुमचं तळं अर्ध्या तासाच्या आत चेंबरच्या पातळीला येईल.

हवेची चकती घ्या, आता काँक्रीट ओतायचं आहे तर ही एकच संधी आहे. बुडबुडे वर जाताना पाणी ओढून नेतात आणि तळालगतचं पाणी त्यांच्या जागी ड्रेनकडे सरकतं, घाण आपोआप मध्यावर येते. हवेची नळी वेगळ्या पाइपातून न्या, म्हणजे खराब झाली तर ओढून बदलता येते. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खाली ठेवलात तर वीज गेल्यावर पाणी उलटं त्याच्यात शिरतं. परतीचे दोन पाइप समोरासमोरच्या कोपऱ्यांत, भिंतीला समांतर तोंड करून लावा. पाणी गोल फिरू लागलं की चकतीचं काम आणखी सोपं होतं.

आणि दोन गोष्टी ज्यांचा इथे उल्लेख झाला नाही. बॉटम ड्रेन म्हणजे ओव्हरफ्लो नव्हे. पाणी काठावरून जाऊ नये म्हणून पातळीला वेगळा पाइप लागतो. १० चौरस मीटरवर तासाला ५० मि.मी. पाऊस पडला तरी ५०० लिटरच होतात, तेवढं ५० मि.मी.चा पाइपही नेईल. पण पानं अडकतात, म्हणून ११०च ठेवा आणि तोंडावर मोठी जाळी लावा. सपाट जाळी एका पानाने बंद होते, बाहेर फुगलेली होत नाही. दुसरं: भर पावसात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना तळं रिकामं करू नका. आतलं वजन गेलं की खालचं पाणी लायनर फुग्यासारखं उचलतं, आणि ड्रेनभोवतीचा ताण नेमका कडीवर येतो.

कमळकंद

विषयाला धरूनच विचारते. आमचं तळं सिमेंटचं, बांधून झालेलं आहे आणि त्याला ड्रेन नाही. तळ फोडून बसवता येईल का?

ओघळ

तळ फोडू नका. काँक्रीटच्या जुन्या तळात नवा तुकडा भरला की जोडाच्या रेषेतून पाणी झिरपतं, आणि खालचा पाइप पुरण्यासाठी तळ्याखाली शिरायला जागाही नसते.

त्याऐवजी भिंतीतून जा. पाण्याच्या पातळीखाली १५-२० सें.मी.वर कोअर कटरने गोल भोक पाडा. पाइप तळावर ठेवलेल्या घुमटापासून तळालगत, मग भिंतीला लागून उभा वर, आणि त्या भोकातून बाहेर गाळटाकीत. पूर्ण मार्ग पाण्याखाली राहतो, म्हणून पाणी आपोआप वाहतं. काठावरून पाइप टाकला असता तर वरच्या वळणात हवा साचून प्रवाह तुटला असता. या पद्धतीत भिंतीचा जोड कधी गळलाच तर १५-२० सें.मी. पाणी जाईल, मासे वाचतील. तळावरच्या पाइपाच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा तिरका उतार करा, नाहीतर तिथे घाणीची रांग लागते. उभ्या भागात जड वाळू पूर्ण चढत नाही, ती अधूनमधून पंपाने ओढावी लागेल.

भिंतीतल्या भोकात पीव्हीसी आणि सिमेंट एकमेकांना धरत नाहीत. पाइपाचा तो भाग खरवडा, सोल्व्हंट सिमेंट लावा आणि ओलं असतानाच त्यावर कोरडी वाळू दाबून चिकटवा. वाळल्यावर त्या खडबडीत पृष्ठभागाला न आकसणारं ग्राउट घट्ट धरतं. मधोमध पाण्याने फुगणारी वॉटरस्टॉप पट्टी गुंडाळा, आतून वॉटरप्रूफिंगचे दोन हात. नव्या सिमेंटमुळे पाण्याचा पीएच चढतो, म्हणून मासे सोडण्याआधी पाणी भरून ठेवा, बदला आणि पीएच मोजा.

जोडकाम

@पाणकणीस, पाणी भरताना टप्प्याने भरा. आधी ड्रेनवर १० सें.मी. येईल इतकंच, आणि २४ तास थांबा. कडी गळत असेल तर आत्ता कळेल, तेव्हा ते थोडं पाणी काढून दुरुस्त करणं सोपं आहे. मग पूर्ण भरा.

पूर्ण भरल्यावर पातळी उतरताना दिसली तर लगेच ड्रेनवर संशय घेऊ नका, बाष्पीभवन होतंच. एक बादली पाण्याने भरून तळ्यातल्या पायरीवर ठेवा, आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून खुणा करा, पंप बंद ठेवा. दोन दिवसांनी दोन्हीकडे सारखीच उतरली असेल तर गळती नाही. तळ्याची जास्त उतरली तर गाळटाकीतला खोचायचा तुकडा बसवून लाइन बंद करा आणि पुन्हा मोजा. उतरणं थांबलं तर गळती टाकीकडच्या बाजूला आहे. चालूच राहिलं तर पातळी कुठे थांबते ते बघा: मध्येच थांबली तर त्या उंचीवर लायनर फाटलं आहे, तळापर्यंत गेली तर कडी. कडीजवळ पाणी शांत असताना पिचकारीने थोडा खाण्याचा रंग सोडा, रंगाची रेघ जिथे आत ओढली जाईल तोच स्क्रू किंवा तीच घडी.